चार मार्कांचा वारा

'खारे वारे व मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा.' सातवीच्या सहामाहीत हा प्रश्न चार मार्कांना होता आणि मी दोन्हींची अदलाबदल करून आलो. भूगोलाच्या बाईंनी लाल शाईने एकच शब्द लिहिला, 'उलट'. शिकवलं मात्र त्यांनी झकास होतं. वर्गावरचा तापलेला पत्रा आणि कोपऱ्यातला माठ दाखवून म्हणाल्या होत्या, जमीन म्हणजे पत्रा, लवकर तापते, लवकर निवते. समुद्र म्हणजे माठ. म्हणून दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. पण आपल्या गावापासून समुद्र दीडशे किलोमीटर. खुद्द बाईंनी तरी तो तोवर पाहिला होता की नाही, कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मित्राच्या शिडाच्या बोटीतून मुंबईहून गोव्याला निघालो. इंजिन होतं, पण डिझेल जाळायचं नाही हा त्याचा हट्ट. एके दिवशी सकाळी वारा असा पडला की तीन तास शीड नुसतं लोंबत होतं. दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला आणि त्याने आम्हाला थेट वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी आणून सोडलं. उजव्या हाताला विजयदुर्ग.

कॉलेजात असताना एसटीने येऊन हा किल्ला पाहिला होता. तेव्हा तिहेरी तटबंदी मोजली, फोटो काढले, भजी खाल्ली. मराठ्यांचे आरमारप्रमुख आंग्रे, त्यांनी आरमार इथेच का ठेवलं, हा प्रश्नही पडला नव्हता. आता सकाळभर वाऱ्याची वाट पाहिल्यावर पडला. दुपारचा वारा जहाज खाडीत आणतो, पहाटेचा बाहेर काढतो. वारा पडलाच तर वल्ह्यांची गलबतं जड गुरबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, दोरखंडाने ओढून न्यायची.

समुद्राकडच्या तटावर तोफगोळ्यांचे खळगे आहेत. एकात हात घातला, मूठ आरामात बसली. आत वाळलेलं शेवाळ आणि कोळ्याचं जाळं. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांनी किल्ल्यावर हल्ला केला: समुद्रातून ॲडमिरल वॉटसन, जमिनीवरून क्लाइव्ह, आणि पेशव्यांची फौज त्यांच्याच बाजूने. 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज तुळाजी आंग्र्यांच्या माणसांनी इंग्रजांकडूनच धरून आणलेलं; गोळा पडून नेमकं तेच पेटलं आणि शेजारी नांगरलेलं आरमार त्या आगीत गेलं. शाळेत हे सगळं एका ओळीत उरकलं होतं. मराठ्यांचंच आरमार बुडवायला पेशवे इंग्रजांबरोबर गेले, हे सातवीच्या पोरांना सरांनी सांगायचं तरी कसं?

रात्री खाडीतच नांगर टाकून झोपलो. पहाटे मित्राने हलवून उठवलं. "वारा फिरला, चल." अंगावर शाल ओढून बाहेर आलो. किल्ला अजून काळा होता. गावात कुठेतरी चूल पेटली असावी. ओल्या लाकडांच्या धुराचा वास पाण्यावरून आमच्यापर्यंत आला आणि तसाच पुढे समुद्राकडे गेला.