आरोग्य संशोधनाचे आकडे लोकांपर्यंत नेताना : माझा अनुभव

स्तनाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या मॅमोग्राफी (स्तनांच्या क्ष-किरण) तपासणीबद्दल सर्वसामान्य स्त्रियांसाठी एक छोटे माहितीपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हाताशी संशोधन भरपूर होते. त्यातले काय सांगायचे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या आकड्यांत, हे ठरवणे मात्र अवघड होते. जिला कसलेही लक्षण नाही, जी स्वतःहून डॉक्टरांकडे आलेली नाही, अशा स्त्रीला आपण तपासणीला बोलावतो. म्हणून फायदा आणि तोटा हे दोन्ही तिला सारख्याच स्पष्टपणे कळले पाहिजेत, ही माझी भूमिका पहिल्यापासून होती आणि पुढचे बहुतेक वाद याच भूमिकेवरून झाले.

आधीच्या मजकुरात ‘तपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात’ हे वाक्य ठळक अक्षरांत होते. वाक्य खोटे नव्हते, परंतु २० टक्के कशाचे, हे त्यातून कळत नव्हते. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेले हार्डिंग केंद्र आरोग्याचे धोके लोकांना समजतील असे मांडते. तपासणी केलेल्या आणि न केलेल्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या संशोधन-चाचण्यांच्या आढाव्यावरून त्याने केलेला तक्ता मी पत्रकाचा मजकूर ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवला. पन्नाशी ओलांडलेल्या १००० स्त्रियांनी सुमारे १० वर्षे तपासणी करून घेतली नाही, तर त्यांतल्या साधारण ५ जणी स्तनाच्या कर्करोगाने दगावतात. करून घेतली तर ४. पाचाचे चार झाले, तेच ते २० टक्के. त्याच १००० तपासलेल्या स्त्रियांपैकी साधारण १०० जणींना कर्करोग नसताना संशयाचा निकाल येतो आणि पुढील चाचण्यांना सामोरे जावे लागते, तर सुमारे ५ जणींवर अशा गाठीसाठी शस्त्रक्रिया होते, जिने त्यांना आयुष्यात कधीच त्रास दिला नसता.

एवढे आकडे दिल्यास स्त्रिया तपासणीकडे पाठ फिरवतील, अशी काही डॉक्टरांना भीती वाटत होती. तिच्यामागे रुग्णांबद्दलची तळमळ होती, म्हणून मी ती उडवून लावली नाही. मी ब्रिटनमधील ऑक्टोबर १९९५चे उदाहरण दिले. नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तेव्हा देण्यात आला. प्रत्यक्षात ७००० स्त्रियांमागे १ ऐवजी २ जणींना तो त्रास होत होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गुठळ्यांचा धोका गर्भारपणातही वाढतो, आणि तो या गोळ्यांपेक्षा अधिक, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. नुसती टक्केवारी भीतीही फुगवते आणि आशाही, हे त्यानंतर समितीत कोणाला वेगळे पटवावे लागले नाही.

पाच वर्षांच्या जगण्याच्या प्रमाणावर मात्र बराच वेळ गेला. एका ज्येष्ठ तज्ज्ञांचा आग्रह होता की, तपासणीत कर्करोग सापडलेल्या स्त्रियांपैकी किती जणी पाच वर्षांनंतर हयात असतात, हा आकडा अवश्य द्यावा. मी एक काल्पनिक स्त्री मांडली. तिला ६३व्या वर्षी गाठ हाताला लागली आणि ६६व्या वर्षी ती गेली. म्हणजे निदानानंतर तीन वर्षे जगली. तिचीच गाठ तपासणीत ५८व्या वर्षी सापडली आणि तरीही ती ६६व्या वर्षीच गेली, तर हिशेबात ती आठ वर्षे जगली. पाच वर्षांचे प्रमाण सुधारले, पण तिच्या वाट्याला एक दिवसही जास्त आला नाही. निदान किती आधी झाले यावर अवलंबून असलेला आकडा जीव वाचल्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे अखेर मान्य झाले आणि तो वगळला गेला.

मसुदा मंजूर झाल्यावर तो वाचकांसमोर वाचून घेण्याचा टप्पा आला. माझ्या मते सगळ्या कामात हाच टप्पा सर्वांत मोलाचा आहे आणि घाईत नेमका हाच गाळला जातो. एका बाईंनी तक्त्यातल्या १००च्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “या शंभरातच त्या पाच जणी येतात का?” आम्ही सर्व जाणकारांनी तक्ता अनेकदा पाहिला होता, पण हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. त्या शंभर जणींना कर्करोग नव्हताच. ज्या पाच जणींवर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यात तो सापडला होता, फक्त तो वाढणारा नव्हता. तक्त्याखाली हे दोन वाक्यांत लिहिले आणि दोन्ही गट चित्रात वेगळ्या रंगांनी दाखवले. दुसऱ्या एका वाचक बाईंना मजकूर कळला होता, पण “मग मी करू की नको?” हा प्रश्न त्यांच्यापाशी उरलाच. त्याचे उत्तर पत्रकाने देऊ नये, डॉक्टरांना काय विचारायचे एवढे मात्र सांगावे, असे ठरले.

धोरणाचा भाग मी जाणीवपूर्वक वेगळ्या पानावर घेतला. चाचण्यांमध्ये काय आढळले हा एक प्रश्न, आणि त्यावरून कोणाला, कोणत्या वयापासून बोलवायचे हा दुसरा. दुसऱ्यात खर्च, मनुष्यबळ आणि कोणता तोटा कितपत सोसायचा याचा निवाडाही येतो. ब्रिटनमध्ये ५० ते ७१ वयाच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी बोलावले जाते, तर अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१६मध्ये ५० ते ७४ वयोगटासाठी दर दोन वर्षांनी तपासणी सुचवली. स्वित्झर्लंडच्या वैद्यकीय मंडळाने तर २०१४मध्ये नवे कार्यक्रम सुरूच करू नयेत, असे म्हटले. या सर्वांसमोरच्या चाचण्या बहुतांशी त्याच होत्या. वाचकाला हे मोकळेपणाने सांगितले नाही, तर निरनिराळे सल्ले ऐकून त्याचा संशोधनावरचाच विश्वास उडतो.

२०२४मध्ये अमेरिकी कार्यदलाने सुरुवातीचे वय ४०वर आणले, तेव्हा धोरणाचे पान नव्याने लिहून तळाशी सुधारणेची तारीख टाकली. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांचा तक्ता मात्र जसाच्या तसा ठेवला, कारण त्यामागच्या चाचण्यांमध्ये काही बदल झालेला नव्हता.