मगनने पैसे दिले की मगनला दिले?

नाशिकच्या रविवार कारंजा ते भद्रकाली या पट्ट्यातल्या घाऊक दुकानांत मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी आणि अहिराणी एकाच गल्ल्यावर बोलल्या जातात. तिथल्या कुठल्याही उधारीच्या वहीत सापडू शकेल असं एक वाक्य घ्या: 'मगनने पैसा आप्या.'

मराठी माणूस हे वाचून मगनने पैसे दिले असं समजतो आणि रक्कम मगनच्या खात्यावर जमा टाकतो. गुजरातीत मात्र याचा अर्थ 'मगनला पैसे दिले' असा आहे. म्हणजे रक्कम नावे पडायला हवी होती. पाच हजारांची नोंद उलट्या बाजूला गेली की शिल्लक पाच नव्हे, दहा हजारांनी चुकते, आणि तो फरक शोधताना कोणी 'ने'कडे बघत नाही, सगळे बेरीज तपासत बसतात.

गुजरातीत 'ने' हा आपल्या 'ला'चं काम करतो. देणाऱ्याला तिथे नुसता 'ए' लागतो: 'मगने पैसा आप्या' म्हणजे मगनने दिले. 'मगने' आणि 'मगनने' यांत एका 'न'चा फरक, आणि घाईत बोलताना तो 'न' अर्धा गिळला जातो. मारवाडीतही 'ने' किंवा 'नै' घेणाऱ्यालाच लागतो, त्यामुळे सराफ बाजारातही घोटाळा तोच. वाक्य गुजराती आहे की मराठी-हिंदी हे ओळखायला नाम सोडून क्रियापद बघायचं. 'आप्या' दिसलं की 'ने' घेणाऱ्याचा. 'दिले' किंवा 'दिये' दिसलं की देणाऱ्याचा. मोबाइलवर तुटक मेसेज येतात, त्यांत क्रियापदच नसतं ('मगनने ५०००'). मग 'कोणी कोणाला?' हे विचारल्याशिवाय नोंद करूच नये.

गुजरातीचा 'ने' एवढ्यावर थांबत नाही. 'अने' म्हणजे 'आणि'. बोलताना त्याचाही 'ने' होतो. 'चा ने नास्तो' म्हणजे चहा आणि नाश्ता. शिवाय आग्रहाचा 'ने' वेगळाच: 'आवो ने' म्हणजे 'या ना'. तिन्हींचा उच्चार जवळजवळ सारखा, जागा मात्र वेगळी. नामाला चिकटला तर 'ला', दोन नामांच्या मध्ये सुटा उभा राहिला तर 'आणि', क्रियापदाच्या मागे आला तर 'ना'. माझ्या मते छोट्या शब्दांच्या बाबतीत कोशापेक्षा ही जागाच जास्त सांगते.

आता आपल्या 'ने'कडे. शाळेत 'तृतीया: ने, ए, शी, नी, शी, ई, ही' हे पाठ करताना त्याचं काम एकच असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो करणाऱ्याला लागतो (मुलाने खाल्लं), साधनाला लागतो (सुरीने कापलं, बसने गेलो), वाटेला लागतो (गंगापूर रस्त्याने जा), कारणाला लागतो (थंडीने कुडकुडला) आणि ऐपतीलाही लागतो: 'माझ्याने हे पोतं उचलवत नाही.' कर्तव्य सांगतानाही तो येतो, 'रामाने जावं'. क्रियापद अकर्मक असूनही इथे 'ने' चालतो. हिंदीत नेमकं इथे 'राम को जाना चाहिए' करावं लागतं, जरी दिल्लीकडे पंजाबीच्या संगतीने 'मैंने जाना है' सर्रास ऐकू येतं.

मराठी आणि हिंदी दोन्हींत भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला 'ने' लागतो, म्हणून दोन्ही नियम एकच आहेत असं आपण धरून चालतो. तिथेच आपली हिंदी उघडी पडते. मराठीत 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना कर्ता म्हणून 'ने' लागत नाही: 'मी दिले'. हिंदीत 'मैंने दिये' हवं, आणि आपण 'मैं दिया' म्हणून मोकळे होतो. उलट मराठीत 'त्याने आणलं' बरोबर. हिंदीत 'लाना'ला 'ने' चालत नाही, 'वह लाया' म्हणावं लागतं. आपल्याकडचं 'उसने लाया' तिथून आलं. 'तो पाणी प्यायला', 'तो शिकला' इथे मराठी 'ने' घेत नाही, हिंदी मात्र 'उसने पिया', 'उसने सीखा' म्हणते. थोडक्यात, नियम सारखा असला तरी अपवादांची यादी दोघींची वेगळी, आणि ती प्रत्येक क्रियापदासाठी वेगळी शिकावी लागते.

लिहिताना होणारी एक चूकही इथेच सांगून टाकतो. एकवचनात 'मुलाने', अनेकवचनात किंवा आदरार्थी 'मुलांनी', 'आजोबांनी'. अनुस्वार आणि 'नी' यांची जोडी आहे. 'मुलांने' हे रूप फलकांवर दिसतं, ते चूक. बोलताना बरेच जण एकवचनातही 'रामानी सांगितलं' म्हणतात, म्हणून लिहिताना गोंधळ होतो. जुन्या छपाईत 'रामानें' असा अनुस्वार एकवचनावरही असे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले तेव्हा तो गेला. बागलाण-मालेगावच्या अहिराणीत हाच 'नी' पुन्हा निराळा: 'रामनी माय' म्हणजे रामाची आई.

देवळालीला तोफखान्यामुळे उत्तरेकडचे जवान कायम असतात. त्यांच्यातला पंजाबी 'मुंडे ने किहा' म्हणाला तर 'मुलाने म्हटलं', आणि 'ओ मुंडे ने' म्हणाला तर 'ती मुलं आहेत'. पंजाबीत 'ने' हा 'आहेत'सुद्धा आहे. हरियाणवीत तर 'ने' करणाऱ्यालाही लागतो आणि ज्याला केलं त्यालाही. कोणी कोणाला मारलं ते संदर्भावरून ठरवायचं.

पूर्वेकडे गेलं की 'ने' सुटा उभा राहतो. बंगालीत 'ने' म्हणजे 'घे', आणि ते फक्त 'तुई'च्या नात्यात, म्हणजे लहानाला किंवा जिवलगाला. आपल्या 'डबा ने'मधला 'ने' असाच अरे-तुरेतला, फक्त आपण न्यायला सांगतो, ते घ्यायला. असमियात 'ने' वाक्याचा प्रश्न करतो, आणि 'चहा की कॉफी' यातल्या 'की'च्या जागीही तोच बसतो. लॅटिनमध्येही शब्दाच्या शेपटीला 'ने' जोडला की प्रश्न होतो. एवढ्यावरून असमिया आणि लॅटिनचं नातं जुळवायला जाऊ नये. एवढ्याशा आवाजाचे शब्द जगात योगायोगानेच पुष्कळ जुळतात.

होकार-नकाराच्या बाबतीत हा शब्द जास्तच गमतीदार होतो. चेक, सर्बियन, बल्गेरियन भाषांत 'ने' म्हणजे नाही. डचमध्येही तसंच, फक्त स्वर लांब. नाशिकची द्राक्षं नेदरलँड्सला जातात. तिथल्या माणसाने 'नेऽ' म्हटलं तर ते माल न्यायला सांगणं नव्हे, तो नकार. हंगेरियनमध्ये 'ने' म्हणजे 'नको करू'. पण ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो! बल्गेरिया आणि ग्रीस शेजारी देश आहेत, सीमा ओलांडली की त्याच आवाजाचा अर्थ उलटतो. त्यात बल्गेरियात मान आडवी हलवणं म्हणजे होकार, आणि मान वर झटकणं म्हणजे नकार. म्हणजे तिथे कान आणि डोळे दोन्ही फसतात. तुर्कीत 'ने' म्हणजे 'काय', पण दोनदा आला की 'ने चहा ने कॉफी', म्हणजे ना चहा ना कॉफी. हा दुसरा 'ने' फारसीतून आलेला, आपल्या 'ना… ना'च्या कुळातला.

फ्रेंच आणि चिनी 'ने' इथे मुद्दाम घेतलेले नाहीत. रोमन लिपीत ते तसे लिहितात, पण कानाला 'न'च्या जवळचे लागतात. अशा याद्या करताना स्पेलिंगवर विसंबलं की निम्मी यादी खोटी होते. जपानी 'ने' मात्र खरा 'ने', वाक्याच्या शेवटी येणारा, हुबेहूब आपल्या 'छान आहे ना'मधल्या 'ना'सारखा. कोरियन 'ने' म्हणजे आदरार्थी हो, शिवाय 'चार वाजता'मधला 'चार'ही. सोलच्या उच्चारात शब्दारंभीच्या 'न'मधला नाकातला आवाज इतका कमी होतो की परक्या कानाला तो 'दे' ऐकू येतो. फोनवर समोरचा 'दे, दे' म्हणतोय असं वाटलं तर तो काही मागत नसतो, 'हो, हो' म्हणत असतो. 'जेवला नाहीत का?' या प्रश्नाला कोरियन माणूस 'ने' म्हणाला तर अर्थ 'बरोबर, नाही जेवलो'. आपणही 'हो, नाही जेवलो' म्हणतो, म्हणून मराठी माणसाला हे इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा लवकर उमगतं.

आणि नकाराचा 'ने' शोधायला युरोपात जायची गरजही नाही. डबा 'नेणे' हे क्रियापद संस्कृत 'नी' या धातूचं. नेता, नीती, नायक हे त्याच घरचे. संतांच्या भाषेतला 'नेणे' निराळा. 'न' आणि 'जाणणे' यांच्या सांध्यातून तो झाला, म्हणून 'मी नेणे' म्हणजे 'मला कळत नाही'. तो आज एवढाच उरला आहे: 'जाणता-नेणता', 'नेणतं वय'. शाळकरी मुलांना अभंग वाचताना इथे हमखास ठेच लागते. कोण काय घेऊन चाललंय हे ती शोधत बसतात.