तुम्हाला काय येतं?

सोमवार, रात्री साडेदहा

दुपारनंतर चहा घेतला नव्हता, तेव्हा झोप न येण्याचं खापर चहावर फोडता येत नाही.

शाळेचं पत्रक आलं आज. मल्हारच्या दप्तरात, चार घड्या घातलेलं, एका घडीला शेंगदाण्याच्या चटणीचं तेल. ग्रुपवर ते आधीच येऊन पडलेलं असतं म्हणे, पण मला कागदच लागतो. घरात ते अथपासून इतिपर्यंत वाचणारा मी एकटा. प्राजक्ता फी आणि सुट्ट्या तेवढ्या बघते, ही तेही बघत नाही.

यंदा बातम्या भरपूर. शाडूच्या गणपतींच्या कार्यशाळेतली माती उरली आहे, हवी त्यांनी शिपाईमामांकडून न्यावी. (आत्ता कोणी नेणार नाही, दिवाळीत किल्ल्याच्या वेळी झुंबड उडेल.) नवरात्रात भोंडला, यंदाही मुलगे-मुली एकत्र, खिरापत झाकून पाठवावी आणि मुलांना आधी सांगू नये. ही सूचना दरवर्षी असते आणि दरवर्षी सगळ्या वर्गाला खिरापत आदल्या दिवशी माहीत असते. १५ ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, त्यासाठी घरून एक पुस्तक. चौथीला भिडे वाड्याच्या जागी नेणार आहेत. वाडा तर २०२३ च्या डिसेंबरात पाडला, पण न्यावं. १८४८ साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती जागा दगडूशेठच्या बरोबर समोर, आणि गणपतीच्या रांगेतल्या निम्म्या लोकांची तिकडे पाठ असते. तिसरीची सहल केळकर संग्रहालयात. केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव दिलंय त्याला. मुलांना दिवे दाखवतात, अडकित्ते दाखवतात, हे सांगत असतील की नाही कोण जाणे. असो.

मग सातवा मुद्दा. येत्या शनिवारी आजी-आजोबा दिवस. २०२३ पासून सरकारनेच शाळांना सांगितलंय, सप्टेंबरात करा म्हणून. शनिवार घेतला ते बरं, त्या दिवशी नाहीतरी दप्तर नसतं. पण नेमका पितृपंधरवडा! म्हणजे जिवंतपणीच पान वाढतायत म्हणायचं. ही म्हणाली, असलं अभद्र बोलू नका, पण हसली.

तर सातवा मुद्दा असा: जागेअभावी प्रत्येक विद्यार्थ्यामागे एकच आजी किंवा एकच आजोबा यावेत. येताना मुलांना दाखवण्यासारखी एखादी कला, खेळ किंवा काम ठरवून यावे. खाली कापून द्यायची पट्टी. 'येणाऱ्यांचे नाव' आणि 'काय दाखवणार'.

पट्टी भरलेली होती. पेन्सिलीने, एकदा खोडून पुन्हा. तात्या. गोफण. (तात्या म्हणजे त्याचे सासवडचे आजोबा.) 'ण'ची काठी पार खालच्या रेघेत घुसलेली.

मी काही बोललो नाही. खरं तर बोललो. म्हटलं, "आणि आबा?"

तो जमिनीवर पालथा पडून बुटांच्या नाड्यांना गाठी मारत होता. मान वर करून त्याने विचारलं, "आबा, तुम्हाला काय येतं?"

त्यात खवचटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, एक टपली मारून विषय संपवला असता. त्याला खरंच माहिती हवी होती. मी म्हणालो, "पुष्कळ येतं." तो म्हणाला, "म्हणजे काय?" तेवढ्यात आतून दूध प्यायला हाक आली आणि तो पळाला. तो विसरलाही असेल. मी मात्र जेवताना तेच, बातम्या बघताना तेच, औषध घेताना तेच.

मला काय येतं?

नोटा मोजता येतात. शंभराचं पाकीट, मशिनशिवाय. डाव्या हाताच्या बोटांत पाकीट दुमडून धरायचं, उजवा अंगठा स्पंजच्या वाटीत टेकवायचा आणि सुरू. यात डोळ्यांचं काम कमी, कानाचं आणि बोटांचं जास्त. एक जरी नोट जुळी गेली तरी आवाज जड येतो. पाकिटात नव्याण्णव असल्या की शेवटाच्या थोडं आधीच हाताला लागायचं की काहीतरी चुकतंय. तेव्हा पाकिटांना पिना असत, त्या उपसून उपसून अंगठ्याचं नख कायम फाटलेलं. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पिना बंद केल्या, तेव्हा आमच्या कॅश काउंटरने पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. नोटाबंदीच्या आदल्या वर्षी मी निवृत्त झालो. अजूनही जुने लोक भेटले की म्हणतात, सुटलात बरं का. मला मात्र तेव्हा वाटलं होतं की त्या गर्दीत मी हवा होतो.

पण हे शाळेत दाखवायचं कसं? दुसरीच्या पोरांसमोर पाचशेच्या नोटांचं पाकीट काढून मोजत बसलेला म्हातारा! बाई पोलिसांनाच बोलावतील. आणि मल्हारच्या पिढीला नोटेचं अप्रूप तरी काय? त्याच्या लेखी पैसे म्हणजे वाण्याच्या गल्ल्यावरच्या डबीतून बोलणारी बाई.

बरं, दुसरं काय? पावकी, निमकी, पाऊणकी येते. सवायकी, दीडकी, अडीचकी येते. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा येतो, आमच्या वयाच्या किती जणांना येत असेल? नाना संध्याकाळी दिवा लागला की म्हणून घ्यायचे. मी दोन वर्षांचा असताना, १९५७ ला, नवे पैसे आले, आणे-पै गेले, म्हणजे मला औटकीचा उपयोग कधी व्हायचाच नव्हता. तरी नानांनी सोडलं नाही. पाठांतराला उपयोग कशाला लागतो, म्हणायचे. मध्यंतरी एकदा मल्हारला म्हणून दाखवली होती. बे औटे सात, तीन औटे साडेदहा. तो म्हणाला, "साडेदहा म्हणजे रात्रीचे?"

आणि रोज शाळेत सोडतो कोण? पहिली ते चौथीची शाळा नऊच्या आधी भरवायची नाही असा नियम २०२४ मध्ये आला, मुलांच्या झोपेसाठी. मुलांची झोप झाली, आनंद आहे. पण सकाळी सातला लक्ष्मी रोड रिकामा असतो आणि पावणेनऊला काय असतो ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. स्कूटरवर पुढे हा, याचं दप्तर, डबा, पावसाळ्यात रेनकोट, आणि चित्रकलेच्या तासाला तो भलामोठा कागद, जो वाऱ्याने माझ्याच तोंडावर येतो. बसच्या डाव्या बाजूने घ्यायचं नाही, गल्लीतून येणारा उजवीकडे बघत नाही, रिक्षावाला हात बाहेर न काढता वळतो, हे सगळं मला येतं. पण 'काय दाखवणार' या रकान्यात ते बसत नाही.

तात्यांबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, हे लिहून ठेवतो. माणूस सोन्यासारखा. येतील तेव्हा सीताफळांची पाटी, उन्हाळ्यात अंजीर. लग्नात मानपानाचा शब्द काढला नाही. पण महिना-दोन महिन्यांतून एकदा यायचं, एक दुपार गच्चीवर गोफणीतून कागदाचे बोळे उडवून दाखवायचे, आणि संध्याकाळच्या बसने दिवेघाट चढून सासवडला परत. असं तर कोणीही आवडेल. नावसुद्धा त्यांच्याकडच्या खंडोबाचंच ठेवलं. तेव्हा मी चकार शब्द बोललो नव्हतो. चिरंजीव तर तेव्हाही बंगळूरलाच होते, पण तो विषय आज नको.

हिला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण अंधारात कूस बदलत राहिलो की ही दिवा लावते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याने तात्यांचं लिहिलं. अजून एक ओळ असती तर सासवडच्या आजींचं लिहिलं असतं. मग तुमचं. मी कुठे आहे या यादीत?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. ती म्हणाली, "त्याच्या डब्याला रोज पोळीचा लाडू मी करते. कधी तोंड पाडून बसले का?" आणि दिवा घालवून झोपली. पाच मिनिटांत घोरायलाही लागली. मी इकडे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसलोय.

मंगळवार, दुपार

सकाळी प्राजक्ताने पत्रक मागून घेतलं. हिने तिच्या कानावर घातलं असणार. उलटून पाहिलं आणि म्हणाली, "आबा, हे वाचलंत का? मागच्या बाजूला. बालदिनाच्या बाजाराला माणसं हवीयत."

पाठीमागेही छापलंय हे मला ठाऊक होतं. १४ नोव्हेंबरला मुलांचा बाजार, भाज्या, भेळ, पणत्या, आणि व्यवहार रोखीनेच, कारण मुलांना सुटे पैसे देता-घेता यावेत. त्यासाठी गल्ल्यावर बसायला पालक हवेत. प्राजक्ता म्हणाली, "तुमच्याइतकं योग्य कोण आहे? देऊ का नाव?"

उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन घरी येणारी मुलं जसं तोंड करतात तसं माझं झालं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "राहू दे, नंतर बघू."

म्हटलं, दे नाव. न देऊन काय करतो? दहाच्या नाण्यांचे आणि पाचच्या नाण्यांचे वेगळे ढीग लावायला कुठल्यातरी तरुण बापाला सांगतील आणि दुपारी हिशोब लागणार नाही. तो नाही लागला की बाई रडकुंडीला येणार. गेल्या वर्षी आल्या होत्या, मी गेटबाहेरून पाहिलं होतं. एक टेबल, दोन वाट्या आणि एक वही लागेल म्हणावं. मशीन नको.

तरीही, सांगून टाकतो, बाजार म्हणजे आजी-आजोबा दिवस नव्हे.

अकराला तात्यांचा फोन. ते फोनवर नेहमी मोठ्याने बोलतात, मळ्यातून मळ्यात हाक मारल्यासारखं.

"काय पाव्हणं, पोराचा फोन आलता काल. साळंत ये म्हनतंय."

म्हटलं, "हो, पट्टी भरलीय त्याने."

"आवो, सीताफळं तोडनीला आल्यात, शनिवारी गाडी भरायची. पर नाई म्हनवंना. आता तिथं बोलायचं काय म्या?"

म्हटलं, "बोलायचं नाही. गोफण दाखवायची."

"खरीखुरी आनू का? का कागदाचीच?"

इथे मला एक क्षण मोह झाला. 'आणा की खरीखुरी, चांगले लिंबाएवढे दगड पण आणा' असं म्हणायची इच्छा अगदी जिभेवर आली होती. शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या वर्गाच्या सगळ्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात. पण मी शहाण्यासारखं सांगितलं की गोफण खरी आणा, दगड मात्र नको, बोळे मी इथून करून देतो. ओले करून वाळवलेले चांगले जातात, ते मी गच्चीवर पाहून ठेवलंय.

"आन हे बघा," तात्या म्हणाले, "मला स्वारगेटच्या म्होरं काय कळत न्हाई. तिथं मेट्रो का काय झाल्यापास्नं तर आजाबात न्हाई. तुमी हाय का?"

हाय म्हटलं. आहेच.

म्हणजे शनिवारी कार्यक्रम असा: पहाटेच्या गाडीने तात्या स्वारगेटला येणार. मी त्यांना उतरवून घेणार. आधी मल्हारला नऊला सोडायचं की आधी स्वारगेट, हे ठरायचंय. दोघांना मिळून एका स्कूटरवर आणता येणार नाही, कारण तात्या पाटीशिवाय येत नाहीत. मग त्यांना शाळेच्या गेटपर्यंत नेऊन शिपाईमामांच्या ताब्यात द्यायचं. एका मुलामागे एकच, त्यामुळे मी बाहेर. समोरच्या टपरीवर दोन तास. ओळखीचे आणखी दोघं-तिघं तिथे असतील बहुतेक, कारण पुण्यात प्रत्येक घरात एक तात्या आहेच.

हिला विचारलं, माळ्यावर जुनं हेल्मेट आहे ना, ते काढून पुसून ठेव.

ही म्हणाली, "तात्या फेटा बांधून येतील. शाळेत जायचं म्हणजे नवा कोराच बांधतील. त्यावर हेल्मेट घालणार कसं?"

मग स्कूटर नको. रिक्षा. आता स्वारगेटवरून सकाळी आठला, पाटी आणि फेट्यासकट, मीटरने यायला कोणता रिक्षावाला तयार होतो ते बघायचं.