तुम्ही विचारलंत म्हणून: कंबरेत सुया टोचून घ्याव्यात का?

मी वैद्यकीय संशोधनाची पद्धत शिकवते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच, "अहो, कंबरदुखीवर अ‍ॅक्युपंक्चरला, म्हणजे सुया टोचायच्या त्या चिनी उपचाराला, पुरावा आहे का? कुठला उपचार करावा हे डॉक्टरांना सांगणारी अमेरिकेची गाइडलाइन घ्या म्हणते, इंग्लंडची नको म्हणते. खरं कुणाचं?"

दोघांचंही. जर्मनीतली २००७ सालची चाचणी बघा. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटलेले. पहिल्या गटाला चिनी शास्त्राप्रमाणे नेमक्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, जेमतेम कातडीखाली टोचलेल्या लटक्या सुया. तिसऱ्याला गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्यातल्या ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता, दुसऱ्यातल्या ४४.२ आणि तिसऱ्यातल्या अवघ्या २७.४.

आता यावरून शिफारस लिहायला बसा. तिसऱ्या गटाशी तुलना केलीत तर सुया सरळ जिंकतात. दुसऱ्याशी केलीत तर बिंदूंचं सगळं शास्त्रच लंगडं पडतं. कुठंही टोचा, जवळपास तेवढंच! इंग्लंडच्या 'नाइस'ने, म्हणजे तिथल्या गाइडलाइन काढणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये कंबरदुखीसाठी सुया सुचवल्या आणि २०१६ मध्ये, लटक्यांहून फारशा सरस नाहीत म्हणून, काढून टाकल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांआधी करून बघायच्या उपायांत त्या घेतल्या. मला 'नाइस'चं पटतं. सरकारी तिजोरीतून पैसे द्यायचे तर गुण सुईचाच हवा. पण ज्याची कंबर दुखतेय त्याला या वादाचं काय!

चिनी वैद्यकातल्या काढ्यांचं याहून अवघड. चिनी वैद्य जीभ-नाडी बघून एकाच रोगाच्या दोघांना दोन वेगळे काढे देतो (आयुर्वेदवाल्यांना हे वेगळं सांगायला नको). गाइडलाइनला मात्र 'या रोगाला हे औषध' असं ठाम वाक्य हवं असतं. मग चाचणीला सोयीची पडते ती तयार कॅप्सूल. 'थोंगशिनलुओ' ही त्यातलीच एक, तिच्यात जिनसेंग या मुळीबरोबर जळू, विंचू, गोम असतात. हार्ट अटॅकच्या ३७७७ चिनी रुग्णांवरची तिची चाचणी २०२३ मध्ये छापून आली. नेहमीचे उपचार सगळ्यांना चालूच होते. तरी ३० दिवसांत पुन्हा अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू असं काही होण्याचं प्रमाण प्लासिबोवाल्यांत (म्हणजे औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच कॅप्सूल घेणाऱ्यांत) ५.२ टक्के, कॅप्सूलवाल्यांत ३.४. पुरावा चांगलाच. फक्त नाडी कुणाची बघितली नव्हती. मग त्यात चिनी वैद्यक कितीसं उरलं?

तुमच्या कंबरेचं म्हणाल, तर पाय बधिर होत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर आधी डॉक्टर गाठा, तोही आजच. तसं काही नसेल आणि खिशाला झेपत असेल तर घ्या टोचून. सुया नव्या, सीलबंद आहेत ना ते बघा. आणि व्यायाम सोडू नका.