तुम्ही विचारलंत म्हणून: नाण्यावरचं साल

"किती जुनं?" आणि लगेच "किती आले?" रेवदंड्याच्या वाडीत माडांना आळी करताना सापडलेल्या त्या तांब्याच्या नाण्याबद्दल आलागेला हेच दोन प्रश्न विचारतो. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. विकलेलं नाही, विकणारही नाही. पहिल्याला मी आजवर "पोर्तुगीज" एवढंच म्हणून चहा पुढे करत आले.

पोर्तुगीज आहे, त्यावर वाद नको. मुकुट, त्याखाली ढाल, ढालीत क्रुसासारख्या मांडलेल्या पाच छोट्या ढाली. त्यांतले ठिपके कधीच झिजलेत आणि मागची बाजू तर पहिल्यापासूनच सपाट.

राहिलं साल. मिळालं तेव्हा नाणं काळंहिरवं होतं, पण उन्हात तिरकं धरलं की तळाशी चार आकडे असल्याचं कळायचं. पहिला १. दुसऱ्याची वरची आडवी रेघ मी पाहिली होती, म्हणजे ७. पाहिली होती, की दिसावी असं वाटत होतं? रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्याआधीचं साल निघालं तर नाणं इथल्या कोटातल्याच कुणाचं तरी, असं मी मनात ठरवूनच टाकलं होतं.

नीट वाचता यावं म्हणून चिंच-मीठ लावलं. देवाची तांब्याची भांडी जन्मभर तशीच घासत आलेय, चुकीचं काय त्यात? आधी बोटांनी, मग फडक्याने. ७ उठून दिसेना, म्हणून मग नारळाच्या शेंडीने. मोरीत काळंहिरवं पाणी वाहून गेलं आणि हातात नव्या गडूसारखं लखलखीत नाणं आलं. त्यावर एकटा १. इतक्या झिजलेल्या तांब्यावर आकड्याला उंची उरलेलीच नसते, खाचेत बसलेला काळा थरच तो दाखवत असतो. हे मला नंतर कळलं. फोटो? स्वच्छ करून मग काढू म्हटलं होतं.

एका जाणकारांनी हातात घेऊन विचारलं, "अठराशेचं कशावरून नाही?" १८७१ आणि १८८१ मध्येही गोव्यासाठी तांब्याची नाणी निघाली होती. गोव्याहून आलेल्या कुणाच्या कनवटीतून पडलंही असेल. मी भांडले त्यांच्याशी. कशाच्या जोरावर, ते विचारू नका.

नाणं आता परत काळवंडू लागलंय. सकाळी ओटीवर ऊन आलं की तिरकं धरून बघते. आकडा परत येणार नाही, ठाऊक आहे मला. तरी तुम्ही विचारलंत तर तोंडात सतराशेच येतं.