माजघराचं काम : पालीश पांढरं पडलं तिथपासून पुढे

मागच्या नोंदीत आजोबांची सागवानी आरामखुर्ची वेताविना पडवीत पडून होती. आता ती माजघरात आलीय. मधले महिने बहुतेक माझ्याच चुका निस्तरण्यात गेले.

आमचं घर बेळगावजवळच्या खानापूरकडचं, मंगळुरी कौलांचं. इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. तरी घाई नडली आणि भर जुलैत खुर्चीला लाखेचं पालीश चढवलं. दुसरा हात वाळतोय न वाळतोय तोच लाकडावर ताक सांडल्यासारखा पांढरट थर! स्पिरिटात भेसळ असणार, असं मी धरून चाललो. सुतारमामा आले, खुर्चीआधी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "असल्या पावसात पालीश करतंय काय हो कोण?"

स्पिरिट झपाट्यानं उडतं, त्यानं लाकूड वरून गार पडतं, हवेतला ओलावा तिथं धरतो आणि लाखेत अडकतो. पण लाख स्पिरिटात पुन्हा विरघळते, हे आपलं नशीब. गणपतीनंतर उघडीप मिळाली तसा स्पिरिटाचा जेमतेम ओला बोळा हलक्या हातानं फिरवला, पांढरेपणा गेला. वर दोन पातळ हात दिले. खरवडायची वेळ आली नाही. खुर्चीच्या हातांवर आजोबांच्या कोपरांनी झिजून पडलेले खळगे आहेत, तिथं मी पॉलिशपेपर लावलाच नाही.

वेत विणताना वेगळीच फजिती. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरप्या. पहिल्या चार मी इतक्या कचकचून ओढल्या की तिरपा वेत शिरेचना. सगळं उसवलं. भिजवलेला वेत सुकताना आपोआप ताणतो, तेव्हा विणताना तो जरा सैलच हवा.

भिंतीवरच्या प्लास्टिक पेंटचे ओलीनं पापुद्रे सुटत होते. तो खरवडून चुन्यात काव कालवून दिली. ओली असताना भिंत तुळशीकट्ट्यासारखी लालभडक दिसली, बायको दिवसभर बोलली नाही. वाळल्यावर फिकी, मातकट झाली.

भाचा म्हणतो, पानाफुलांचा वॉलपेपर लाव. मागच्या दारी फणस उभा असताना? त्यापेक्षा दोन कौलं काढून काचेची बसवली. सकाळी उन्हाचा तुकडा खुर्चीवरून सरकत दाराकडे जातो. नेचे आमच्याच आडाच्या काठचे, खानापुरी लाल मातीच्या कुंडीत. कुंडीखाली बशी ठेवाच, ओल झिरपून स्टुलावर डाग पडतो (पडलाय). रानातून मात्र काही उपटून आणलेलं नाही. इथलं भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे, तरी पडव्यांतून सीतेची वेणी (झाडांवर वाढणारं रानातलं ऑर्किड) टांगलेली दिसते तेव्हा डोकं फिरतं.

राहिलं काचेचं कपाट. मागच्या फळीला बारीक भोकं आहेत, खाली पिठासारखी भुकटी. किडा जुना की अजून आत आहे? भुकटी झाडून खाली काळा कागद अंथरलाय. काल रात्रीपर्यंत कोरा होता.