गळा 17, छाती 29, पाठ 23

धुळ्यात देवपूरला माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत घागरे. हल्ली त्यात कुत्र्यांचे कपडेही आलेत. मापाच्या वहीत बायकांच्या नावांमध्येच 'सिंबा, गळा 17, छाती 29, पाठ 23' अशी ओळ सापडते. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "माय वं! कुत्राले बी शेरवानी?" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या.

सिंबा माझ्या गिऱ्हाईक वहिनींचा कुत्रा, हस्की आहे. सायबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणारी जात, अंगावर केसांचे दोन थर. आणि वहिनींच्या घरातलं लग्न मे महिन्यात! वरातीत तो नवरदेवापुढे चालणार म्हणून मरून ब्रोकेडची शेरवानी, पूर्ण बाह्या, जरीची कॉलर. मी सरळ नाही म्हटलं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो मुख्यतः जीभ काढून, धापा टाकूनच बाहेर काढतो. त्याला आपल्या उन्हाळ्यात ब्रोकेडमध्ये गुंडाळायचं? शेवटी पोळ्याला बैलावर टाकतो तशी पाठीपुरती झूल ठरली. आतून मलमल, पोटाखाली वेल्क्रो. बटण एकही नाही, चावून गिळलं तर दवाखाना. नर असला की पोटाखालचं कापड आखूडच ठेवावं लागतं, का ते कुत्रा पाळणाऱ्यांना सांगायला नको.

गंमत पैशांची. याच वहिनी स्वतःच्या ब्लाउजला पन्नास रुपये कमी करा म्हणून अर्धा तास उभ्या असतात. सिंबाच्या झुलीचे बाराशे सांगितले, तर पर्समधून लगेच निघाले. मला वाईट वाटत नाही. माणसांच्या लग्नात एकदाच घालायच्या घागऱ्यावर किती जातात, ते मी रोज बघते. तिथे कुणी नाक मुरडत नाही.

पण कशालाही पैसे टाकावेत असंही नाही. त्यांच्या मुलीने मोबाईलवर कुत्र्यांचं अत्तर दाखवलं. डोल्चे अँड गबाना या इटलीच्या कंपनीने 2024 मध्ये काढलेलं, नाव फेफे, तेव्हाची किंमत 99 युरो. म्हणजे तेव्हाचे नऊ हजारांच्या घरात. "काकू, यात अल्कोहोल नाही," ती म्हणाली. नसेल. पण ज्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटीने तिखट, त्याच्याच अंगावर वास फवारायचा? हा खर्च कुत्र्यासाठी नाही, त्याला मांडीवर घेणाऱ्यासाठी आहे.

बूट मात्र मला फालतू वाटले नाहीत. वहिनींनी ऑनलाइन मागवले होते आणि सगळे हसले होते. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य कलल्यावरही डांबर तापलेलं असतं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवून बघा. पाच-सात सेकंद सहन होत नसेल तर पंजांनाही होणार नाही. चालून झालं की बूट लगेच काढायचे, एवढंच.

आता दिवाळीला त्यांना घरातल्या चौघांना आणि सिंबाला मॅचिंग हवंय. शिवीन, पण सुतीच. आणि फटाके सुरू झाले की त्याच्या अंगावरून कपडा उतरवायचा, हे आधीच बजावून ठेवलंय. घाबरलेलं जनावर पलंगाखाली घुसतं, कापड कशात अडकेल सांगता येत नाही. ॲडव्हान्स निम्मा, नेहमीप्रमाणे. घासाघीस होईल ती चौघांच्या कपड्यांवर.